रूपांतर, माध्यमांतर की ‘बेतलेला’?

टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’सारख्या रशियन कादंबरीवरून बसवलेल्या बॅलेला मराठीत काय म्हणावं? एका टिपणात मी ‘रूपांतर’ लिहिलं, तर घरच्यांनी विचारलं, ‘म्हणजे ॲनाची अनुराधा केली का?’

– शंका रास्त आहे, ताई. आपल्या रंगभूमीवर ‘रूपांतर’ म्हटलं की नावं, गाव, चालीरीती सगळंच इकडचं होतं. ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ झाली तसं. नुसती भाषा बदलली तर भाषांतर. बॅलेत बोलायची भाषाच उरत नाही, म्हणून ‘माध्यमांतर’. यातलं ‘अंतर’ दोन गावांमधलं नव्हे. देशांतर, जन्मांतरातलं, म्हणजे ‘दुसरं’.

नृत्यरचनाकार जॉन क्रँकोचा ‘ओनेगिन’ हा बॅले (श्टुटगार्ट, १९६५) बघा. पुश्किनच्या पद्यकादंबरीत तात्याना प्रेमपत्र लिहिते आणि ओनेगिन बागेत तिला उपदेशाचे डोस पाजतो. आता उपदेश नाचणार कसा? क्रँकोचा नायक ते पत्र तिच्यादेखत टराटरा फाडतो. शेवटच्या अंकात ती त्याचं पत्र फाडते. पुश्किनकडे कुणीच काही फाडत नाही! देश तोच, काळ तोच. हे निव्वळ माध्यमांतर.

याउलट जॉन नॉयमायरची ‘ॲना कॅरेनिना’ (हॅम्बुर्ग, २०१७). ॲनाचा नवरा करेनिन निवडणूक लढवणारा पुढारी, जमीनदार लेविन ट्रॅक्टरवर, आणि च्यायकोव्हस्कीच्या संगीताच्या जोडीला पॉप गायक कॅट स्टीव्हन्सची गाणी. काळच बदलला, तेव्हा इथे ‘रूपांतर’ही चालेल.

मग सरळ ‘नृत्यनाट्य’ का नको?

– त्या शब्दाबरोबर गाणं येतं. टागोरांच्या ‘चित्रांगदे’त गोष्ट पुढे सरकते ती गाण्यांतून. बॅलेला बॅलेच राहू द्या.

‘कादंबरीचे बॅलेमध्ये माध्यमांतर’... सरकारी परिपत्रक वाटतंय हो.

– वाटतंय खरं. मग ‘कादंबरीवर बेतलेला बॅले’ लिहा. बेतणं हा शिंप्याचा शब्द. अंगाच्या मापानं कापड कापणं. बोरिस एफमननं २००५ च्या ‘ॲना कॅरेनिना’त लेविन आणि त्याची बायको किटी यांची गोष्ट अख्खीच्या अख्खी कापली. टॉलस्टॉयची जवळजवळ अर्धी कादंबरी कात्रणात गेली म्हणा ना! ‘बेतलेला’त ती कात्री ऐकू येते, ‘माध्यमांतरा’त नाही.

बेतलेला की बेतलेलं?

– मी ‘तो बॅले’ म्हणतो. आमच्या घरात ‘ते बॅले’ चालतं, आणि त्यावरून अजून भांडण मिटलेलं नाही.