'इनेबल'ला मराठीत काय लिहावं?

कळफलक:
सर्व्हिसेस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) हाताळणाऱ्या एका कमांड-लाइन टूलचे संदेश मराठीत आणायचे आहेत. 'इनेबल'ला 'सक्षम करा' लिहिलंय, पण 'सेवा सक्षम केली' वाचून सेवा चालू झाली असा समज होतो. लिनक्सवर सेवा हाताळणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडचं इनेबल नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) टाकतं. सेवा उठते ती पुढच्या बूटला, म्हणजे मशीन पुन्हा सुरू होताना. आत्ताच हवी तर स्टार्ट वेगळं द्यायचं, नाहीतर '--नाउ' जोडायचं. नेमका शब्द कोणता?

मूळधातू:
'सक्षम' चुकीचाच. क्षमता सेवेत आधीपासून असते. 'नेमा' घ्या. नियमावरून नेम, नेमावरून नेमणं. डिसेबलला 'नेमणूक काढा'.

सर्व्हरकट्टा:
नेमणूक माणसाची होते. सरळ 'इनेबल' ठेवा. कमांड इंग्रजीतच टाइप करायची आहे. संदेशात भलताच शब्द आला तर मॅन्युअलमध्ये शोधायचं काय? आणि सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर एसव्हीसीएडीएम कमांडने इनेबल दिलं की सेवा लगेच सुरू होते, बूटनंतरही राहते. तात्पुरती हवी तर '-टी' द्यायचा. 'नेमा' यातल्या कुठल्या अर्थाला बांधणार?

रेवाकाठ:
म्हणूनच परिणाम लिहा: 'बूटवेळी आपोआप सुरू होईल. आत्ता थांबलेली आहे.' 'सुरू' नि 'चालू' यांचीही गल्लत नको. सुरू होणं ही घटना, चालू ही अवस्था. कमांडला 'सुरू करा', स्टेटसला 'चालू'.

खरा घोळ 'बंद'चा आहे. स्टॉप, डिसेबल, मास्क, तिन्हींना 'बंद करा' लिहिलेलं सापडतं. इनेबल असलेली सेवा नुसती स्टॉप केली तर बूटला परत उठते. डिसेबल केलेली हाताने सुरू करता येते, शिवाय दुसऱ्या युनिटला (सेवेला किंवा तशाच घटकाला) ती लागत असेल तर त्याच्यासोबत उठते. मास्क केल्यावर युनिटची लिंक थेट /डेव्ह/नल या रिकाम्या फाइलकडे जाते. अनमास्क करेपर्यंत ती कशानेच उठत नाही.

मूळधातू:
मग थांबवा, नेमणूक काढा, कुलूप लावा. 'बंद' तसाही फारसी.

सर्व्हरकट्टा:
'सुरू' अरबीतून आलाय. तो कसा चालतो?

मूळधातू:
रुळला म्हणून.

सर्व्हरकट्टा:
'इनेबल'ही रुळलाय.

रेवाकाठ:
'रीलोड' आणि 'डेमन-रीलोड'ही वेगळे ठेवा. पहिल्यात चालू सेवा स्वतःचं कॉन्फिगरेशन पुन्हा वाचते. दुसऱ्यात सिस्टमडी (लिनक्सवर सगळ्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर) युनिट फाइल्स (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या) पुन्हा वाचतं, पण चालू प्रोसेसला हात लावत नाही. युनिट फाइलमधली एक्झेकस्टार्टची ओळ (सेवा कोणत्या कमांडने सुरू करायची ती) बदलली असेल तर त्यानंतर रीस्टार्ट द्यावाच लागतो.

मूळधातू:
डेमनला (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) 'दैत्य' करू नका. एमआयटीत १९६०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पित डेमनवरून हे नाव पडलं. न दिसता अखंड काम करणारा तो. 'पार्श्वसेवक' लिहा.

सर्व्हरकट्टा:
'पार्श्वसेवक' कोणी टाइप करणार नाही. संदेश काहीही ठेवा, पण स्क्रिप्टसाठी स्टेटसचे एक्झिट कोड (कमांड संपताना देते ते आकडे) सांभाळा: ० चालू, ३ थांबलेली, ४ अशी सेवाच नाही. संदेशात 'चालू' शब्द ग्रेप करणारी (शोधणारी) स्क्रिप्ट भाषा बदलली की मोडते.

कळफलक:
कोड तसेच ठेवतो. पण सेवा इनेबल आहे का ते सांगणाऱ्या इझ-इनेबल्डच्या उत्तरात 'स्टॅटिक' येतं, त्याला 'स्थिर' लिहिलंय.

रेवाकाठ:
अजिबात नको. 'स्थिर' म्हणजे न पडता चालू आहे असं वाटेल. त्या युनिटच्या फाइलमध्ये इनेबल कसं करायचं ते सांगणारा इन्स्टॉल विभागच नसतो, म्हणून इनेबल होत नाही. हाताने किंवा दुसऱ्या युनिटमुळे उठते.

कळफलक:
'परावलंबी' चालेल?

मूळधातू:
'आश्रित' घ्या.

सर्व्हरकट्टा:
हाताने सुरू होते ती आश्रित कशी?