पितळेचा सर्प आणि ख्रिस्त: प्रतिरूप ओळखायचे कसे?

रविवारची_पाटी

नमस्कार. आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग मी घेते. गेल्या रविवारी जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातील पितळेच्या सर्पाचा पाठ होता: मोशेने खांबावर लावलेल्या त्या सर्पाकडे पाहिले, की साप डसलेला माणूस जगत असे. मी फळ्यावर एक खांब काढला, त्याला वेटोळे घालून बसलेला साप काढला, शेजारी क्रूस काढला आणि दोहोंमध्ये एक बाण ओढला. कारण योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःच निकदेम या यहुदी पुढाऱ्याला सांगतो, की मोशेने जसा अरण्यात सर्प उंच केला तसेच मनुष्याच्या पुत्राला उंच केले गेले पाहिजे. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने हात वर केला. "ताई, एदेन बागेतला साप वाईट, मग हा साप येशूसारखा कसा?" मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारले, की मेडिकलच्या दुकानाच्या पाटीवर असतो तो साप हाच का. वर्ग हसला, मीही हसले आणि फळा पुसून पुढच्या पाठाकडे वळले. खरे सांगायचे तर मला दोन्ही प्रश्नांची उत्तरे येत नव्हती.

घरी येऊन जवळची पुस्तके चाळली, तर अडचण वाढलीच. इसहाकाने पाठीवर घेतलेली लाकडे म्हणजे क्रूस, यरीहोतल्या राहाबेने खिडकीला बांधलेली किरमिजी दोरी म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, निवासमंडपाची, म्हणजे अरण्यातल्या उपासनेच्या तंबूची, प्रत्येक खुंटी म्हणजे काही ना काही. असे असेल तर जुन्या करारातल्या कोणत्याही वस्तूतून ख्रिस्त काढता येईल, आणि मग तो तिथे होता की आपणच नेऊन ठेवला, हे ठरवणार कसे? भाकित आणि प्रतिरूप (ख्रिस्ताशी जुळणारी जुन्या करारातली घटना किंवा व्यक्ती) या दोन्ही एकच गोष्टी आहेत का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_पोथी

ताई, आधी सोपा प्रश्न निकाली काढतो. औषधाच्या दुकानावरचा साप ग्रीकांच्या वैद्यकदेवतेच्या, अस्क्लेपियसच्या, काठीचा आहे. त्याचा उगम वेगळा आहे, त्यामुळे त्या मुलीला निर्धास्तपणे "नाही" म्हणून सांगावे.

आता मूळ प्रश्न. भाकित आणि प्रतिरूप यांत फरक केलाच पाहिजे. भाकितात बोलणारा पुढे होणाऱ्या गोष्टीविषयी बोलत असतो; बेथलेहेमातून इस्राएलाचा शास्ता निघेल, असे मीखा संदेष्टा म्हणतो तेव्हा ते वाक्यच पुढे पाहणारे असते. प्रतिरूपाचे तसे नसते. ती घडून गेलेली घटना असते, तिच्या जागी ती पूर्ण असते, आणि पुढची घटना घडल्यावरच मागे वळून पाहताना दोहोंची ठेवण एक असल्याचे ध्यानात येते. गणना २१ मध्ये मशीहाचा, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याचा, उल्लेखच नाही. अदोमाला वळसा घालून चाललेले लोक अन्नपाण्यावरून कुरकुर करतात, आग्ये साप त्यांना डसतात, पुष्कळ लोक मरतात, मोशे विनंती करतो आणि त्याला सर्प करून खांबावर लावण्याची आज्ञा होते. एवढीच कथा आहे. तिला भाकित म्हणून शिकवले, की मुले पुढे नेमके विचारतात, "कुठे लिहिले आहे?" आणि ते रास्तच आहे.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण मत्तय २:१५ मध्ये आहे. "मिसर देशातून मी आपल्या मुलाला बोलावले" हे होशेय संदेष्ट्याचे वचन येशूच्या बालपणात पूर्ण झाले, असे मत्तय लिहितो. पण होशेय ११:१ उघडून पाहिले तर तिथे इस्राएल राष्ट्राच्या सुटकेविषयी, म्हणजे भूतकाळाविषयी, बोलणे चालले आहे. मत्तयाला हे ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. तो वापरतो त्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ "भरणे" असा आहे, आणि माझ्या मते इथे तोच अर्थ धरावा: इस्राएलाच्या इतिहासाने जो साचा घडवला, तो या पुत्राच्या जीवनात काठोकाठ भरला. भाकित खरे ठरणे आणि साचा भरणे ही दोन निराळी कामे आहेत. आपण मराठीत दोहोंना "पूर्ण झाले" म्हणतो, म्हणून गोंधळ उडतो.

आता साप. तुमच्या विद्यार्थ्याचा गोंधळ फळ्यावरच्या बाणामुळे झाला आहे. तो बाण सापापासून येशूपर्यंत गेला. योहानाच्या वाक्यात मात्र तो एका क्रियेपासून दुसऱ्या क्रियेपर्यंत जातो. "जसा... तसा" यांच्या मधोमध "उंच करणे" हे क्रियापद उभे आहे, आणि त्याला जोडून एक परिणाम आहे: ज्याने पाहिले तो वाचला, जो विश्वास ठेवतो त्याला जीवन. साप ख्रिस्तासारखा आहे, असे तिथे कोणी म्हटलेले नाही.

हे क्रियापद योहानाने मोठ्या विचाराने निवडलेले दिसते. ८:२८ मध्ये ते पुन्हा येते, १२:३२ मध्ये तिसऱ्यांदा येते, आणि तिथे लगेच पुढच्या ओळीत खुलासा आहे, की आपण कोणत्या मरणाने मरणार हे सुचवण्यासाठी येशू असे बोलला. क्रूसावर चढवणे आणि गौरवाने उंचावणे, दोन्ही एकाच शब्दात. यशया ५२:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात देवाचा सेवक "उंच केला जाईल व गौरवला जाईल" असे म्हणताना हेच क्रियापद आले आहे, आणि त्या ओळीपासूनच दुःख सोसणाऱ्या सेवकाचे ते प्रसिद्ध गीत सुरू होते. म्हणजे योहान एका शब्दाने अरण्यातला खांब आणि यशयाचा सेवक यांना एकत्र बांधतो. खांबाची गोष्टही अशीच आहे. मूळ इब्री शब्द "नेस" म्हणजे निशाण लावण्याची काठी किंवा निशाण. यशया ११:१० मध्ये इशायाचा अंकुर राष्ट्रांसाठी निशाण म्हणून उभा राहतो, तिथेही हाच शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी गणनामधल्या या "नेस"साठी "चिन्ह" या अर्थाचा शब्द घातला, आणि योहान येशूच्या अद्भुत कृत्यांना सातत्याने तोच शब्द वापरतो.

जाता जाता एक भाषिक खंत: इब्रीत साप म्हणजे "नाहाश" आणि तो ज्याचा केला तो धातू "नेहोशेत". ही शब्दांची जुळणी मराठीत येऊच शकत नाही. शिवाय त्या धातूचा अर्थ तांबे किंवा कासे असा आहे. आपल्या कानांना सवय झालेले "पितळ" तसे काटेकोर नाही.

अलिबागचा_वाचक

वरील विवेचन आवडले; मी थोड्या निराळ्या बाजूने लिहितो. माझे बालपण कोकणात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, शेजाऱ्यांच्या सोबतीने गेले. घरात मराठी बोलणारी ती माणसे हाच अध्याय दरवर्षी सभास्थानात तोरा (मोशेची पाच पुस्तके) वाचनाच्या ठरलेल्या भागात ऐकतात, आणि त्यात त्यांना क्रूस दिसत नाही. हे लक्षात ठेवणे ख्रिस्ती वाचकाच्याही हिताचे आहे, कारण कथा आधी ज्यांची आहे त्यांनी ती कशी वाचली हे न पाहता आपण तिचा अर्थ लावू लागलो, तर आपल्याला फक्त आपलाच आवाज ऐकू येतो.

सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहामध्ये, रोश हाशाना या प्रकरणात, सरळच प्रश्न केला आहे: साप मारतो काय, की साप जिवंत करतो? उत्तर असे, की इस्राएल लोकांनी वर दृष्टी लावून आपली अंतःकरणे स्वर्गातील पित्याच्या अधीन केली तेव्हा ते बरे झाले, नाहीतर ते नाश पावले. तुमच्या नववीतल्या विद्यार्थ्याचा प्रश्न किमान अठराशे वर्षांचा आहे, हे त्याला अवश्य सांगा.

यशया ५३ विषयी, म्हणजे वर आलेल्या सेवकाच्या गीताविषयीही, असेच आहे. यहुदी परंपरेतील पुष्कळ भाष्यकार तिथला सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र मानतात आणि त्याला ४१:८ चा आधार आहे, जिथे "हे इस्राएला, माझ्या सेवका" अशी स्पष्ट हाक आहे. प्रेषितांची कृत्ये ८:३४ मध्ये रथात बसून हेच गीत वाचणारा कूशी (आफ्रिकेतील कूश देशाचा) अधिकारी फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला विचारतो, की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी. फिलिप्प त्याच्यावर रागावत नाही. त्याच वचनापासून आरंभ करून बोलू लागतो. प्रश्न विचारण्याची मुभा खुद्द नव्या करारानेच दिली आहे.

वसईकर_ग्रंथप्रेमी

आमच्या कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या शलमोनाच्या ज्ञानग्रंथात, १६ व्या अध्यायात, मिश्नाच्याही आधीचे उत्तर आहे: जो त्या चिन्हाकडे वळला तो पाहिलेल्या वस्तूमुळे वाचला नाही, तर सर्वांच्या तारणाऱ्यामुळे, म्हणजे देवामुळे, वाचला.

आणि पाठात २ राजे १८:४ अजिबात गाळू नये. यहूदाच्या हिज्कीया राजाने मोशेचा तोच सर्प फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. त्याचे नाव नहुश्तान पडले होते. देवाच्या आज्ञेने घडवलेली वस्तू देवभक्त राजाच फोडतो आणि ग्रंथ त्याची प्रशंसा करतो! लोक त्या चिन्हापाशीच अडकून पडले, म्हणून ही पाळी आली.

रविवारची_पाटी

सर्वांचे मनापासून आभार. बाणाची चूक मला पटली. पण माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग अजून राहिला आहे. सर्पाच्या बाबतीत येशूनेच दार उघडून दिले, म्हणून आपण आत गेलो. राहाबेच्या दोरीचे काय? तिथे तर नव्या कराराने काहीच म्हटलेले नाही.

जुनी_पोथी

माझा स्वतःचा दंडक कडक आहे, आणि सर्वांना तो मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे. नव्या कराराने ज्याला प्रतिरूप म्हटले ते मी प्रतिरूप म्हणून शिकवतो: रोमकरांस पत्र ५:१४ मधला आदाम, १ करिंथकरांस ५:७ मधला वल्हांडणाचा कोकरा, मत्तय १२:४० मधला माशाच्या पोटातला योना, इब्री लोकांस पत्रातला याजक मलकीसदेक. बाकीचे मी साधर्म्य म्हणून सांगतो, शिकवण म्हणून नाही. दोरी पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंट या मंडळीच्या पुढाऱ्याने रक्ताचे चिन्ह म्हणून वाचली, म्हणजे ते वाचन फार जुने आहे. पण केवळ लाल रंगावर सारा डोलारा उभा करणे मला जड जाते. इसहाकाच्या लाकडांचे तसे नाही. बापाने आपला प्रिय पुत्र न राखणे ही तिथली क्रिया आहे आणि रोमकरांस ८:३२ मध्ये पौलाच्या शब्दांत तिचा पडसाद ऐकू येतो, म्हणून तिथे मी थोडा सैल होतो.

सैलपणा कुठवर जाऊ शकतो याचा नमुना बर्णबाच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन पत्रात आहे. उत्पत्ति १४:१४ मध्ये अब्राहामाजवळ ३१८ माणसे होती. प्राचीन ग्रीकमध्ये अक्षरांनी अंक लिहीत, त्यामुळे १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि ३०० म्हणजे क्रूसाच्या आकाराचे टाउ हे अक्षर, म्हणून अब्राहामाने क्रूसावरचा येशू आधीच पाहिला होता, असे लेखक मोठ्या आनंदाने सांगतो. हिशेब चोख आहे. अडचण एवढीच, की उत्पत्ति इब्रीत लिहिले गेले आणि ग्रीक आकड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही! त्याच पत्रात थोडे पुढे आपला सर्पही आला आहे, आणि तिथे मात्र लेखक योहानाच्या पुष्कळ जवळ आहे.

अलिबागचा_वाचक

या दंडकात मी एकच भर घालीन: प्रतिरूप काढून टाकले तरी मूळ कथा उभी राहते का, हे पाहावे. सर्पाची कथा ख्रिस्ताशिवायही उभी राहते, ती आमच्या शेजाऱ्यांच्या सभास्थानात दरवर्षी राहतेच. ३१८ ची कथा बर्णबाच्या पत्रात उरतच नाही. अब्राहामाच्या पुतण्याला, लोटाला, सोडवायला गेलेली माणसे नाहीशी होतात आणि फक्त अक्षरे राहतात.

रविवारची_पाटी

आता येत्या रविवारी हाच पाठ पुन्हा घ्यायचे ठरवले आहे. फळ्यावर बाण काढणार नाही; दोन वाक्ये एकाखाली एक लिहीन आणि "उंच करणे" या शब्दांखाली मुलांकडूनच रेघ ओढवून घेईन. नंतर नहुश्तान.

तयारी करताना काल रात्री एक गोष्ट प्रथमच दिसली, ती इथे मांडते. सातव्या वचनात लोकांची विनंती आहे, की साप आमच्यातून दूर कर. पुढच्या दोन वचनांत साप दूर झाल्याचा उल्लेखच नाही. डसलेला माणूस वर पाहतो आणि जगतो, इतकेच लिहिले आहे. साप तिथेच आहेत. त्या मुलाने हेही विचारले तर काय सांगावे, याचा विचार शनिवारपर्यंत करीन. कोणाला काही सुचल्यास जरूर लिहावे.