समोरून धावत येणारा खेळाडू जवळ येताच फोकस का सुटतो?

प्रश्न : तिसरी_लेन

नमस्कार. मी धावण्याच्या आणि अडथळ्यांच्या शर्यतींची छायाचित्रे डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा व ७०-२०० मिमी एफ २.८ लेन्स वापरून काढतो. ऑटोफोकस एएफ-सी (हलत्या विषयावर सतत फोकस जुळवणाऱ्या) मोडवर, फोकस बिंदूंची निवड पूर्णपणे कॅमेऱ्यावर सोपवलेली, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ २.८ आणि शटर स्पीड १/६४० सेकंद असे माझे सेटिंग असते. बाजूने धावत जाणारे खेळाडू बहुधा स्पष्ट येतात. परंतु अंतिम रेषेच्या मागे उभे राहून समोरून येणाऱ्या धावपटूचा बर्स्ट (सलग अनेक फ्रेम) घेतला, की सुरुवातीच्या फ्रेम चांगल्या आणि तो दहा-बारा मीटरवर आल्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या सॉफ्ट (किंचित अस्पष्ट) निघतात. स्थिर वस्तूवर हीच लेन्स उत्तम काम करते. दोष लेन्समध्ये आहे, सेटिंगमध्ये आहे, की बॉडीच (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलावी लागेल?

प्रतिसाद : छायाप्रकाश

बॉडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. प्रथम एखादी बिघडलेली फ्रेम १०० टक्के मोठी करून धावपटूच्या पायांजवळची जमीन पाहा. त्याच्या पुढची किंवा मागची पट्टी स्पष्ट दिसत असेल, तर फोकस चुकला आहे. जमीन योग्य जागी स्पष्ट असून केवळ हात-पाय पुसट असतील, तर शटर स्पीड कमी पडला आहे. १/६४० हा वेगवान धावपटूसाठी अपुराच आहे. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तरी चालेल, पण १/१००० च्या खाली उतरू नका, आणि प्रकाश असेल तर १/१६०० ठेवा.

तरीही आपल्या वर्णनावरून मूळ कारण फोकसचेच वाटते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमी आणि एफ २.८ असताना वीस मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा) साधारण पावणेदोन मीटर मिळते, दहा मीटरवर मात्र ती जेमतेम ४० सेंटिमीटर उरते. त्याच वेळी, धावपटूचा वेग तोच असला तरी, अंतर निम्मे झाल्यावर लेन्सला फोकस सुमारे चौपट वेगाने सरकवावा लागतो. म्हणजे काम चौपट अवघड होते आणि चुकीची मुभा चौथ्या हिश्श्यावर येते. त्यात बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत साध्या डीएसएलआरमध्ये सुमारे १/२० सेकंद जातो आणि सेकंदाला आठ मीटर धावणारा माणूस तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. चित्र घेण्यासाठी आरसा वर गेलेला असताना फोकस सेन्सरला काही दिसतही नाही. त्यामुळे कॅमेरा आधीच्या मोजमापांवरून पुढच्या जागेचा अंदाज बांधत असतो, आणि आपले काम त्याला त्यासाठी पुरेशी व निर्मळ माहिती देणे एवढेच आहे.

म्हणून धावपटू हव्या त्या जागी पोहोचण्याच्या निदान एक सेकंद आधीपासून फोकस बटण दाबून त्याचा पाठलाग सुरू करा आणि मगच बर्स्ट सोडा. बिंदूंची निवड कॅमेऱ्यावर न सोपवता एक मधला बिंदू व त्याच्या भोवतीचे काही साहाय्यक बिंदू एवढेच क्षेत्र ठेवा आणि ते छातीवरील क्रमांकावर रोखा. तिथे ठळक कॉन्ट्रास्ट असतो. चेहरा लहान असतो आणि प्रत्येक पावलागणिक वर-खाली होतो. अ‍ॅपर्चर एफ ४ (म्हणजे आणखी लहान) केल्यास पार्श्वभूमी थोडी कमी धूसर होईल, परंतु दहा मीटरवरील ४० सेंटिमीटरचे जवळपास ६० होतील.

प्रतिसाद : पॅनिंगप्रेमी

वरील गणिताशी सहमत आहे, मात्र एफ ४ वर जाण्यापूर्वी मी उभे राहण्याची जागा बदलेन. अगदी समोर न थांबता धावेच्या रेषेशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात उभे राहिलात, तर धावपटूचा आपल्या दिशेने येण्याचा वेग मूळ वेगाच्या सुमारे ७० टक्केच उरतो.

अडथळ्यांच्या शर्यतीत वेगळीच अडचण येते. अडथळा किंवा शेजारच्या लेनमधील खेळाडू क्षणभर मध्ये आला की कॅमेरा त्यावर उडी मारतो. यासाठी ट्रॅकिंग संवेदनशीलता (नव्या वस्तूकडे फोकस किती चटकन वळावा हे ठरवणारे सेटिंग) कमी करा. निकॉनमध्ये ती लॉक-ऑन या नावाने असते, तर कॅननमध्ये एआय सर्वोच्या (तिथल्या सतत फोकस मोडच्या) मेनूत सापडते. रिलीज-प्राधान्य (फोकस जुळो वा न जुळो, लगेच फ्रेम) की फोकस-प्राधान्य (फोकस जुळल्यावरच फ्रेम) हा पर्यायही तपासा. पहिल्या फ्रेमला फोकस-प्राधान्य आणि पुढच्या फ्रेमना समतोल, ही माझी पसंती आहे, कारण अस्पष्ट वीस फ्रेमपेक्षा स्पष्ट आठ केव्हाही बऱ्या.

प्रश्नकर्ता : तिसरी_लेन

दोघांचेही आभार. पुसट फ्रेम पुन्हा पाहिल्या. बहुतेकांमध्ये धावपटूच्या मागची पट्टी स्पष्ट आहे, म्हणजे कॅमेरा मागे पडतो आहे. बॅक-बटन फोकसने (शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस करण्याने) यात फरक पडेल का? आणि मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतल्यास हा प्रश्नच मिटतो का?

प्रतिसाद : छायाप्रकाश

बॅक-बटनमुळे फोकसची अचूकता वाढत नाही. फोकस आणि शटर यांची बटणे वेगळी झाल्याने पाठलाग आधी सुरू करणे आणि मध्ये कोणी आल्यास अंगठा उचलून फोकस तिथेच रोखणे सोयीचे होते, एवढाच त्याचा लाभ आहे. लेन्सवर फोकस-मर्यादेचा स्विच असेल तर जवळचे अंतर वगळा. फोकस सुटल्यावर लेन्स दुसऱ्या टोकापर्यंत भटकत नाही. बर्स्ट चालू असताना झूम फिरवणे मात्र टाळा, कारण अनेक झूम लेन्समध्ये त्याने फोकसही सरकतो.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे आरशाचा अडथळा राहत नाही आणि चेहरा किंवा डोळा ओळखण्याची सोय मोठी मदत करते. तरीही सहा जण एका ओळीत येत असताना कोणाचा चेहरा धरायचा हे आपल्यालाच ठरवावे लागते. तिथेही मी आधी लहान क्षेत्राने खेळाडू निवडतो आणि मग ट्रॅकिंग कॅमेऱ्यावर सोडतो. आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. तापलेल्या ट्रॅकवर लांबून घेतलेल्या फ्रेम उष्ण हवेच्या हेलकाव्यामुळे सॉफ्ट दिसतात, आणि त्याला कोणत्याही कॅमेऱ्यात सेटिंग नाही. सकाळी लवकर किंवा कमी अंतरावरून चित्रे घ्यावी लागतात.