१२८ जीबी रॅम लावली, बायोस म्हणतो ६४, विंडोज म्हणतो ३२

फोंड्याचा_बाबल्या
नमस्कार मंडळी. कुंडईला आमचं छोटं प्रिंटिंग युनिट आहे, तिथे बिलिंग आणि डिझाइनच्या फायलींसाठी सेकंडहँड सर्व्हर घेतला. बोर्ड दोन सॉकेटचा म्हणजे सीपीयू बसवायच्या दोन जागा असलेला, चिपसेट (बोर्डावरची मदतनीस चिप) सी६१२, पण सीपीयू एकच, झिऑन ई५-२६२० व्ही३. रॅमचे १६ स्लॉट आहेत, मी १६ जीबीच्या ८ पट्ट्या आणून दोन्ही बाजूंना चार-चार अशा नीट लावल्या, दिसायला पण बरं दिसतं. आता बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ६४ जीबी दिसते आणि विंडोजमध्ये ३२ च वापरता येते! विकणारा म्हणतो चिपसेटची लिमिट आहे, दुसरा सीपीयू घ्या. माझ्याकडे जुन्या वर्कस्टेशनमधला ई५-१६२० व्ही३ पडून आहे, सॉकेट तोच, दुसऱ्या जागी बसवू का?

मडगावचा_रॅकवाला
अरे बाबा थांब, तो १६२० बसवू नकोस. ई५ नंतरचा पहिला आकडा बघ, १ म्हणजे एकटाच चालणारा, २ म्हणजे दोघांच्या जोडीत चालणारा, ४ म्हणजे चार सॉकेटचा. दोन सीपीयू एकमेकांशी क्यूपीआय लिंकवरून बोलतात आणि १६०० वाल्यांना ती लिंकच नाही, सॉकेट २०११-३ असला म्हणून काय झालं. जोडी लावायचीच तर दुसरा पण २६२० व्ही३ च हवा, वर त्याचा हीटसिंक आणि सीपीयूची दुसरी ८ पिनची पॉवर केबल.

पण तुला दुसरा सीपीयू हवाच कशाला? रॅमचा कंट्रोलर सीपीयूच्या आत असतो. सीपीयू २ च्या बाजूचे स्लॉट सीपीयू २ चेच, तो नसेल तर तिथे लावलेल्या पट्ट्या नुसती शोभा. त्याच्याकडून येणारे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, म्हणजे जादा कार्डं लावायचे, ते पण मेलेलेच असतात. आठही पट्ट्या सीपीयू १ कडे हलव. सीपीयूपासून रॅमकडे जाणारे चार चॅनल म्हणजे रस्ते आहेत, म्हणजे प्रत्येकात दोन. आणि लिमिटचं म्हणशील तर या एकट्या सीपीयूला ७६८ जीबीपर्यंत चालते, तुझी १२८ म्हणजे काहीच नाही.

पेन्शनर_म्हापसा
विकणारा अगदीच खोटं बोलत नाही हो, तो जुन्या काळात अडकलाय. आमच्यावेळी, इंटेलच्या ५००० चिपसेटपर्यंत, मेमरी कंट्रोलर खरंच नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये असायचा, तेव्हा चिपसेट सांगेल ती लिमिट. त्या वेळच्या एफबी-डिम नावाच्या रॅमच्या पट्ट्या तर अशा तापायच्या की हात लावायची सोय नव्हती. एएमडीने ऑप्टेरॉनमध्ये २००३ लाच कंट्रोलर सीपीयूत घातला, इंटेलचे दोन सॉकेटवाले झिऑन ५५०० सिरीजपासून, २००९ ला. सी६१२ कडे आता साटा (डिस्क जोडायची), यूएसबी असली किरकोळ कामं.

बाबल्या, विंडोज कुठलं आहे ते लिहिलंच नाहीस. सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड असेल तर त्याची लिमिट ३२ जीबीच, कितीही रॅम घाल.

फोंड्याचा_बाबल्या
काका, तेच आहे! २००८ आर२ स्टँडर्ड, विकणाऱ्यानेच घालून दिलेलं.

मडगावचा_रॅकवाला
मग दोन वेगळे आजार आहेत, ६४ दिसते ती चुकीच्या स्लॉटमुळे आणि ३२ विंडोजमुळे. त्या विंडोजचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय, बिलिंगसाठी तर ठेवूच नकोस. २०१२ स्टँडर्डपासून लिमिट ४ टीबी आहे, पण आता घेतोसच तर त्याहून नवीन घे.
आणि हो, पट्ट्या सगळ्या रजिस्टर्डच, म्हणजे सर्व्हरवाल्याच आहेत ना? डेस्कटॉपची साधी डीडीआर४ पट्टी त्यांच्यात मिसळलीस तर चालू पण होणार नाही. स्टिकरवर १६ जीबीच्या पुढे आर असं अक्षर शोध, २आरएक्स४ मधला आर नव्हे हां, पीसी४ च्या आकड्यांच्या शेवटी असतो तो.

फोंड्याचा_बाबल्या
आज दुपारी उघडला. सॉकेट २ वर प्लास्टिकचं झाकण तसंच आहे, आत पिना बारीक केसासारख्या, मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं आणि मुकाट्याने परत झाकलं. पट्ट्यांवर आर आहे. त्यातल्या दोनांचे सोनेरी दात काळपट पडलेले, पावसाळ्याची दमट हवा दुसरं काय, खोडरबराने हलके घासले. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला नकाशा बघून आठही सीपीयू १ कडे लावल्या, पहिल्यांदा ११२ च आली, एक पट्टी नीट बसली नव्हती, दाबल्यावर टक् आवाज आला आणि १२८. विंडोजचं कोटेशन मागवलंय. देव बरें करूं.

पेन्शनर_म्हापसा
खोडरबराचा कचरा स्लॉटात राहिला नाही ना, तेवढं बघ.