मदत हवी आहे: तीर्थनकाठी एकच दिवस, आणि फ्लाय फिशिंग पहिल्यांदाच

खाडीकाठचा

मंडळी, धागा जरा लांबलाय. चहा घेऊन बसा.

मी मुलुंडचा. वयाच्या नवव्या वर्षापासून गरवतोय. मामांनी माहीमच्या खडकांवर हातात दोर दिला, पुढे काठी आली, रीळ आलं. कोळंबीचा तुकडा, शिशाचं वजन, भरतीची वेळ आणि गप्प बसायची तयारी, एवढ्यावर आजवर भागलं. शिंगाळा, ढोमा, कधीतरी तांबोशी. एकदा ऐरोलीच्या खाडीत साडेतीन किलोचा जिताडा लागला होता. त्याचा फोटो आता घरात कुणाला दाखवायची सोय राहिलेली नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं हिमाचलला चाललोय. चंदिगडपर्यंत विमान, पुढे गाडीनं मंडी, औटच्या बोगद्याच्या अलीकडून बंजारचा फाटा आणि गुशैणीजवळ तीर्थन नदीच्या काठी तीन रात्री. त्यातला ११ नोव्हेंबरचा अख्खा दिवस मला सुटा मिळालाय. बायको आणि मुलं जालोरी जोतला (म्हणजे खिंडीत) जाणार, मी नदीवर. हा दिवस पदरात पाडून घ्यायला काय काय कबूल करावं लागलं ते विचारू नका. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात चारही दिवस हजेरी, हे त्यातलं सर्वांत सोपं कलम.

तर तिथे ट्राउट हा मासा आहे आणि तो माशीवर, म्हणजे फ्लायवर धरायचा असं मनात घेतलंय. हौसेनं सामानही आणलं. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच वजनाचा रॉड. हे 'पाच' म्हणजे किलो नव्हे, दोराच्या वजनाचा क्रमांक, हे कळायलाच मला दोन दिवस लागले. तरंगणारी लाइन (म्हणजे जाड दोर), तिच्या टोकाला जोडायचा नऊ फुटांचा बारीक दोर म्हणजे लीडर, त्याच्याही पुढच्या बारीक दोराची, टिपेटची, दोन रिळं आणि दुकानदारानं गळ्यात मारलेली चाळीस माश्यांची डबी.

घोळ असा की माझं सगळं शिक्षण इथे उलटं पडतंय. आपल्याकडे फेकायचं ते शिसं, दोर बिचारा त्याच्यामागून जातो. इथे शिसं नाहीच. माशी म्हणजे गळाला गुंडाळलेली पिसं आणि दोरा, फुंकर मारली तर उडेल. म्हणून दोरच जड, आणि फेकायचा तो दोर. सोसायटीच्या गच्चीवर सराव केला तर पहिल्याच फेकीत माशी चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत. सोडवत होतो तेवढ्यात काकू वर आल्या. "गच्चीवर मासे कधीपासून लागायला लागले?" तेव्हापासून सराव बंद आहे.

आता प्रश्न. खाडीत मला कुठला खडक कधी बोलतो ते ठाऊक आहे, भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ आहे. नदीला भरती नाही. मग अनोळखी पाण्यावर सकाळी उभा राहिलो तर सुरुवात कुठून करायची? एकच दिवस आहे, तर वाटाड्या घ्यावा की एकट्यानं धडपडावं? चाळीसपैकी कुठल्या माश्या खरोखर लागतील? छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पँटी, विकत घ्यावे का? (महाग आहेत, आणि मुंबईत मला ते फक्त २६ जुलैसारख्या पावसात उपयोगी पडतील.) आणि चादरी नसलेली सरावाची जागा मुंबईत कुठे?

देवदार

दादा, सगळं वाचलं. वाईट बातमी मीच देतो. ११ नोव्हेंबरला तुम्हाला तीर्थनमध्ये गळ टाकता येणार नाही. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, तसंच हे.

खाडीकाठचा

काय सांगता! जिथे तिथे 'ऑक्टोबर उत्तम' असंच वाचलं आणि माझ्या डोक्यात दिवाळी म्हणजे ऑक्टोबर. यंदा ती नोव्हेंबरात घसरलीय हे कॅलेंडरात दिसत होतं, पण दोन्ही गोष्टी जुळवून बघितल्याच नाहीत. तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. जिथे उतरणार तिथल्या मालकाला फोनवर विचारलं होतं, तर म्हणाला, "हां जी, मछली है."

निळा खंड्या

खोटं कुठे बोलला? मछली आहेच. पकडता येते का, हे तुम्ही विचारलं नाहीत.

बाकी, हा मासा मूळचा तिथला नव्हेच. इंग्रजांना घरच्यासारखी शिकार हवी म्हणून त्यांनी स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी आणली, ती १९०० साली काश्मीरमध्ये जगली, आणि १९०९च्या सुमारास कुलूकडे मासा सोडला गेला. हिमालयातल्या या नद्यांचा मूळ रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट. नावात ट्राउट असला तरी नात्यानं तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याच्यासाठी कुणी नऊ फुटी रॉड घेत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं.

अळूवडी

अवांतराबद्दल माफी. ट्राउटचं कालवण कसं लागतं?

देवदार

ताई, कालवण करू नका, चव मसाल्यात बुडते. हळद-मीठ लावून तव्यावर भाजा. खोऱ्यात पानावर येतो तो बहुतेक तळ्यात वाढवलेला रेनबो ट्राउट, त्याला ही बंदी आड येत नाही. खाडीकाठचे दादा, तुमच्या घरच्यांची तेवढी सोय होईल.

पवईचा बगळा

खाडीकाठचे, निराश होऊ नका. रॉड घरी ठेवा, पण ११ तारखेला नदीवर जाच. मी तर म्हणेन, तुमचं नशीब चांगलं आहे. तुमचा खरा प्रश्न 'कुठून सुरुवात करू' हा आहे आणि त्याचं उत्तर हातात काठी असताना मिळत नाही. काठी असली की माणूस फेकत सुटतो. मी माझ्या पहिल्या सहलीत सकाळचे चार तास एकाच डोहात माशी भिजवली, कारण तो डोह मोठा आणि सुंदर होता. दुपारी गावातला एक पोरगा आला, त्यानं मी ज्या गुडघाभर पाण्यात उभा होतो तिथेच टाकली आणि दुसऱ्या फेकीला मासा काढला. मी माशांच्या घरात उभा राहून त्यांच्या अंगणात गरवत होतो.

नोव्हेंबरात पावसाचा गढूळपणा गेलेला असतो, बर्फाचं पाणी थांबलेलं असतं. नदी उतरलेली आणि काचेसारखी. मे महिन्यात जे धोंडे पाण्याखाली जातील ते आत्ता उघडे दिसतात. एक किलोमीटरचा पट्टा निवडा, खालून वरच्या दिशेनं काठाकाठानं चाला आणि फोटो काढत जा. खालून वर एवढ्यासाठी की ट्राउट तोंड उगमाकडे करून असतो. तुम्ही त्याच्या पाठीमागून गेलात तर त्याला दिसत नाही. वरून आलात, किंवा तुमची सावली पाण्यावर पडली, की तो गेलाच.

बघायचं काय, तर दोन वेगांची शीव. माशाला पोहण्यात ताकद घालवायची नसते, आणि खाणं प्रवाहच आणून देतो. म्हणून भर धारेत तो फार थांबत नाही आणि साचलेल्या पाण्यातही रमत नाही. दोन्ही पाणी जिथे एकमेकांना घासून जातं तिथे, संथ बाजूला उभा राहतो आणि धारेतून येणारा किडा मान वळवून उचलतो. मोठ्या धोंड्यामागे आपण सगळेच बघतो. धोंड्याच्या पुढच्या अंगालाही बघा, तिथे पाणी आपटून उशीसारखं मऊ होतं. डोहात मधोमध नको, खळाळ जिथे डोहात उतरतो ते तोंड आणि डोह जिथे उथळ होत संपतो ती शेपटी बघा. आणि फेसाची रेघ. फेस ज्या वाटेनं वाहतो त्याच वाटेनं किडेही वाहतात. हे तुम्हाला नवीन नाही, खाडीत तुम्ही भरतीच्या वेळी करंट बघताच की. इथे तीच भरती चोवीस तास एकाच दिशेनं चालू आहे असं समजा.

पोलराइज्ड चष्मा न्या, त्याशिवाय पाण्यावरच्या चकाकीखालचं काही दिसत नाही. आणि कळकळीची विनंती, पाण्यात पाऊल टाकू नका. तळाच्या खडीत ताटाएवढा, आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा खळगा दिसला तर ते ट्राउटच्या मादीनं शेपटीनं उकरलेलं घरटं. अंडी वरच्या खडीखाली पुरलेली असतात. एक बूट पडला की संपलं. बंदी आहे ती याच्यासाठीच.

खाडीकाठचा

बगळे काका, 'माशांच्या घरात उभा राहून अंगणात गरवणं' हे वाचून हसलो आणि मग आठवलं, गेल्या वर्षी अलिबागला मी नेमकं हेच केलं होतं.

ठरलं. नोव्हेंबरात नदी बघून यायची, गरवायला मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. मे चालेल ना? आणि माश्यांचं राहिलंच.

देवदार

मे चालेल, पण घड्याळ वेगळं लावा. उन्हानं वर बर्फ वितळतं, ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, मग नदी चढते आणि दुधाळ होते. त्यामुळे मेमध्ये उजाडल्यापासून अकरापर्यंतची वेळ तुमची. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर त्याहून बरे. जुलै-ऑगस्टचं नाव काढू नका.

परवाना मत्स्य विभागाचा लागतो, एका दिवसाचाही मिळतो. किती मासे ठेवायचे, किती लांबीच्या आतला सोडायचा, हे परवाना घेताना तिथेच विचारून घ्या. वाटाड्या घ्याच, निदान सकाळपुरता. वेडर्स घेऊ नका. मेमध्ये जुनी पँट, लोकरी मोजे आणि तळ न घसरणारे बूट पुरतात, गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं कारण नाही.

आणि एक गोष्ट गमतीत घेऊ नका. तीर्थन पुढे लारजीजवळ ब्यासला मिळते. तिथे धरण आहे. ८ जून २०१४ला त्या धरणातून पाणी सोडलं आणि खाली ब्यासच्या पात्रात खडकांवर उभे असलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तुम्ही धरणाच्या वर, गुशैणीकडे असाल, पण वाटेत 'जरा पाण्यात पाय घालू' म्हणून लारजीखाली गाडी थांबवू नका. मुलं हट्ट करतील. ऐकू नका.

पवईचा बगळा

चाळीसातल्या पस्तीस माश्या डबीतच राहतील. ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालचे किडे खातो, म्हणून निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी माशी, डोक्याला मणी असलेली, चौदा आणि सोळा नंबरच्या गळावरची, तपकिरी. संध्याकाळी मासे पृष्ठभागावर तोंड मारताना दिसले तर एखादी ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी माशी. मेमध्ये काठालगतचा एक दगड उलटा करून बघा. वाळूच्या कणांचं नळकांडं चिकटलेलं दिसेल, आत अळी असते. ती ज्या रंगाची त्या रंगाची माशी बांधा आणि दगड परत होता तसा ठेवा.

तुमच्या हाताला दोन सवयी सोडायला लागतील. एक, वाट बघणं. माशी प्रवाहाच्या वेगानंच वाहिली पाहिजे, दोरानं तिला ओढलं की मासा ओळखतो. म्हणजे छोटी फेक, तीन-चार सेकंदांचं वाहणं, उचला, परत. दुसरी, झटका. जिताड्याला मारता तसा हिसका दिलात तर पाच-एक्सचं, म्हणजे बारीक, टिपेट तुटेल आणि माशी माशाच्या तोंडात राहील. हाताला टोच लागायची वाटही बघू नका. लाइनचं टोक थबकलं की रॉड नुसता वर करा, कपबशी उचलतो तसा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, सोडताना माशाला त्रास कमी.

सरावाला रविवारी सकाळी सात वाजता शिवाजी पार्क, क्रिकेटवाले यायच्या आत. गळ नको, लोकरीचा तुकडा बांधा. तीस फूट नीट जमलं की पुरे, तीर्थनवर त्याहून लांब फेकायला जागाच नसते, मागे झाडं. म्हणून रोल कास्ट शिका, त्यात दोर मागे फेकावा लागत नाही. पण तो गवतावर जमत नाही, दोराला पाण्याची पकड लागते. त्यासाठी पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे चौकशी करा. तलावात मगरी आहेत, तेव्हा वेडर्सचा विचार तिथेही नको.

विमानात गळ, कात्री, पक्कड हे सगळं चेक-इनच्या बॅगेत.

खाडीकाठचा

सगळ्यांचे आभार. रविवारी शिवाजी पार्कला गेलो होतो. तीस फूट नाही, वीसपर्यंत आलोय. एक आजोबा अर्धा तास बघत उभे होते, शेवटी म्हणाले, "पतंगाचा मांजा वेगळा असतो हो."

आता एकच अडचण उरलीय. बायकोला सांगितलं की ११ तारखेला मी मासे पकडणार नाही, काठावरून नुसते बघणार. ती म्हणाली, "नुसतंच बघायचं असेल तर मग आमच्याबरोबर जालोरीला का येत नाहीस?" लग्नाचे चार दिवस आधीच कबूल करून बसलोय. काय उत्तर देऊ ते सुचवा. तातडीचं आहे.