जॅकेटआधी हेल्मेट, मग हातमोजे

या चर्चेत बहुतेकांनी जॅकेटचे ब्रँड सुचवलेत, पण मूळ प्रश्न होता की पहिली बाइक घेतल्यावर हातात पैसे थोडे असतील तर आधी काय घ्यावं. माझं मत ठाम आहे: आधी हेल्मेट, फुल फेस (हनुवटीही झाकणारं), आणि दुकानात डोक्यावर घालून बघूनच. नवीन हेल्मेट गालांना घट्टच लागलं पाहिजे. पट्टा लावून ते हाताने डावी-उजवीकडे फिरवा. गालांची कातडी सोबत सरकली तर माप बरोबर, नुसतं हेल्मेटच फिरलं तर एक साइझ लहान घ्या. मग दहा-पंधरा मिनिटं तसंच घालून थांबा. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर त्याचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरं मॉडेल बघा. आयएसआय खूण कायद्यानेच हवी. जमलं तर ईसीई २२.०६ (हेल्मेटचं युरोपियन मानक) सुद्धा असलेलं बघा, त्यात तिरक्या आघाताचीही चाचणी होते.

मग हातमोजे. पडताना माणूस आपसूक तळहात टेकतो, म्हणून तळव्यावर मनगटाच्या बाजूला कडक स्लायडर (रस्त्यावर घसरणारी पट्टी) असलेले घ्या.

जॅकेट आपल्या उन्हात मेशचंच, म्हणजे जाळीदार कापडाचं, नाहीतर एप्रिलपासून ते कपाटातच राहील. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि खांद्या-कोपराचे पॅड जागेवर राहतात का बघा. पाठीला बऱ्याच जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा असतो. तिथे सीई लेव्हल २ चा (युरोपियन मानकातल्या वरच्या संरक्षण पातळीचा) पॅड वेगळा घ्या. बूट घोटा झाकणारे हवेत. आणि मागे बसणाऱ्याचं हेल्मेट याच पैशांत धरा, रायडिंग पँट दोन महिन्यांनी घेतली तरी चालेल.