कुस्करा, चुरा की कुटके?

रामबागवाली, इंदूर
रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी फोडणीला घातल्या की आमच्याकडे त्याला कुस्करा म्हणतात. वरून कच्चा कांदा, शेव आणि जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी चटपटीत मसाला. सूनबाई पुण्याची, ती म्हणते फोडणीची पोळी. समोरच्या वहिनी लातूरकडच्या, त्यांचे कुटके. कामाच्या बाईचा सरळ 'चूरा'. आता सांगा, हे सगळं एकच, की शब्द बदलला की तुकड्याचा आकारही बदलतो? काल सूनबाईनं पोळ्या मिक्सरमधून फिरवल्या आणि त्यालाही कुस्करा म्हणाली. मला काही पटलं नाही.

तव्यावरची
मिक्सरमधला तो कुस्करा नव्हेच! पोळी आधी मोडायची, मग दोन्ही तळहातांत चोळायची, ते कुस्करणं. नखाएवढे पापुद्रे राहिले पाहिजेत, त्यांच्याच कडा फोडणीत कुरकुरीत होतात. मिक्सरमध्ये तळाशी पीठ होतं आणि वरचे तुकडे तसेच राहतात. त्या पिठावर पाण्याचा हबका मारला की गोळा. पोळी शिळीच हवी, ताजीचा चिकट लगदा होतो.
चुरा त्याहून बारीक, जवळजवळ रवा. तुमच्या माळव्यात बाफल्यांचा (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) चुरमा करतात ना, तसा. कुटके मात्र जास्त करून भाकरीचे. वाळलेली भाकरी कुस्करली जात नाही, कटकन तुटते.

रस्सेवाला
चुरा म्हणजे रवा? आमच्या कोल्हापुरात रश्श्यात भाकरी चुरतात, तिचे तुकडे चांगले मोठे असतात. रवा केला तर ताटात खळ होईल. चुरणं हे भिजवून खाण्यासाठी, बारीक-जाड नंतर.

तव्यावरची
बरं, हे मान्य. ओलं चुरणं वेगळं.

एक_वाचक
गूळ-तूप घालून कुस्करलं की मलिदा, तो राहिलाच. शब्द फारसीतून आलाय, मुळात अर्थ चोळलेलं, मळलेलं असाच. हल्ली मात्र मलिदा म्हटलं की आधी ठेकेदार आठवतो.
आणि चतकोर या यादीत घालू नका. तो चुरा नाही, माप आहे: पोळीचा चौथा हिस्सा. 'मला चतकोरच वाढा' म्हणणारे पाहुणे शेवटी दोन पोळ्या खाऊन उठतात ते सोडा.

रामबागवाली, इंदूर
मलिदा आमच्याकडे पोरांच्या डब्यात असायचा, मुंग्या लागायच्या.
तुकड्याचं कुणीच काही लिहिलं नाही! ओवाळून टाकायचा तो भाकरतुकडा, तिथे कुस्करा चालत नाही. नातवाला दवाखान्यातून आणलं तेव्हा घरात भाकरी नव्हती, मी पोळीचाच तुकडा ओवाळला. वहिनींनी लगेच टोकलं. पण इंदुरात रोज भाकरी थापतं कोण? आणि तोच तुकडा 'फुकटचे तुकडे मोडतो' म्हटलं की शिवी होतो. सासूबाई घरजावयाबद्दल हेच म्हणायच्या, तेही तो समोर बसलेला असताना.